आजीला दिलेला शब्द आणि तिसऱ्यांदा द्यायची परीक्षा

पालकांचं पत्र (थोडक्यात): 'माझ्या आईला अल्झायमर आहे. यावर औषध शोधून काढीन, असा शब्द माझ्या मुलीने आजीला दिला आहे आणि मी तिला रोज त्याची आठवण करून देतो. संशोधनासाठी आधी एमबीबीएस हवंच, पण प्रवेश परीक्षेत तिला दोनदा अपयश आलं. आता तिसऱ्यांदा बसवतो आहे. रात्री आजीजवळ तीच झोपते. गणित उत्तम आहे, पण हल्ली कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहीत वेळ घालवते. तिला मार्गावर कसं आणावं?'

नमस्कार,

तुमच्या पत्रात मला मुलीचं अपयश खटकलं नाही. 'रोज आठवण करून देतो' हे वाक्य खटकलं.

आजीचा आजार बरा करण्याची जबाबदारी तुम्ही एका कोवळ्या मुलीच्या डोक्यावर ठेवली आहे. एखादा पेपर अवघड गेला की इतर मुलांना वर्ष वाया जाण्याची धास्ती वाटते. तुमच्या मुलीला वाटत असणार की आपण आजीला फसवलं. त्यात रात्री आजीजवळ तीच. अल्झायमरचे रुग्ण रात्री वारंवार उठतात, घरात फिरतात, आणि सोबतच्या माणसाची झोप मोडते. मोडक्या झोपेवर पाठांतर टिकत नाही. तिसऱ्या प्रयत्नाचा विचार करण्याआधी रात्रीची पाळी घरातल्या मोठ्यांनी वाटून घ्या, आणि हे याच आठवड्यात करा.

आता त्या शब्दाबद्दल. तो तिला पाळता येण्यासारखा नाही, आणि यात तिची काहीच चूक नाही. या आजारात मेंदूत बीटा-अमायलॉईड नावाचं प्रथिन साचायला लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरुवात होते. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली हा आजार मांडला. लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली ती २०२३ मध्ये. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला, म्हणजे आजाराची तीव्रता मोजणाऱ्या ० ते १८ च्या मोजपट्टीवर ०.४५ चा फरक पडला. हे औषध फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना देतात. गेलेली स्मृती ते परत आणत नाही. मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून उपचार चालू असताना पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. शंभरहून जास्त वर्षांत असंख्य लोकांनी खपून मिळवलेलं हे फळ आहे.

संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हंटिंग्टनचा आजार, म्हणजे मेंदूचा एक आनुवंशिक आजार, होता. आई १९७८ साली गेली. या आजाराचा दोष ज्या गुणसूत्रावर आहे त्याचा माग १९८३ मध्ये लागला, जनुक १९९३ मध्ये हाती आलं. आजार बरा करणारं औषध अजून आलेलं नाही. तरीही वेक्सलर यांचं काम मोलाचं आहे, कारण पुढची सगळी वाट त्या जनुकापासून सुरू होते. घरातलं दुःख पाहून या क्षेत्राकडे वळण्यात काही वावगं नाही. पण ज्याला विशिष्ट उत्तर हवंच असतं, त्याचं मोजमाप नकळत त्या बाजूला झुकतं. म्हणूनच चाचणीत औषध कोणाला दिलं आणि नुसतं सलाईन कोणाला, हे रुग्ण तपासणाऱ्यालाही कळू देत नाहीत. तुमच्या मुलीला समोर बसवा आणि स्पष्ट सांगा की आजीला बरं करणं हे तुझं काम नाही. तो शब्द घरात तुम्ही जपला आहे, त्यामुळे त्यातून तिला मोकळं करणंही तुमच्याच हातात आहे.

'संशोधनासाठी एमबीबीएस हवंच' हा समज मात्र मुळातच चुकीचा आहे. रुग्ण तपासायचा, औषधाचा डोस ठरवायचा, चाचणीतल्या रुग्णांच्या प्रकृतीची जबाबदारी घ्यायची, तर डॉक्टरच हवा. बाकीचं प्रचंड काम इतरांचं आहे. वेक्सलर मानसशास्त्रज्ञ आहेत. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतल्या टाऊ प्रथिनाच्या धाग्यांची रचना २०१७ साली जवळपास अणूंच्या पातळीपर्यंत उलगडली. त्या कामाचे दोन प्रमुख होते. मिशेल गोएडर्ट हे वैद्यकशास्त्र शिकलेले, तर शोर्स शेरेस रसायनशास्त्र शिकलेले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मिळणाऱ्या हजारो धूसर चित्रांतून एक स्पष्ट आकार काढणारा प्रोग्रॅम शेरेस यांनीच लिहिला होता आणि तो संभाव्यतेच्या गणितावर उभा आहे. तुमची मुलगी कॉम्प्युटरवर 'वेळ घालवते' असं तुम्ही लिहिलंत. ती कदाचित मार्गावरच आहे.

नीट, आयसरची प्रवेश परीक्षा, बीएस्सीनंतर जॅम, पुढे पीएचडीसाठी नेट किंवा गेट, ही माहिती कुठेही मिळते, त्यात मी जागा घालवत नाही.

या कामाचं रोजचं स्वरूप मात्र तुम्हा दोघांना माहीत असायला हवं. एक उदाहरण देतो. कमरेत सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढतात आणि त्यात अमायलॉईड-बीटा ४२ (वर सांगितलेल्या बीटा-अमायलॉईडचाच एक प्रकार) मोजतात. हे प्रथिन काचेला आणि पॉलिस्टायरीनला चिकटतं. म्हणून नमुना पॉलिप्रॉपिलीनच्या ट्यूबमध्येच घ्यावा लागतो आणि एका ट्यूबमधून दुसरीत जितका कमी ओताल तितकं बरं. मग छोटे भाग करून उणे ८० अंशांना ठेवतात, कारण पुन्हा पुन्हा वितळवून गोठवलं की आकडे बिघडतात. ट्यूब चुकली तर प्रथिन भिंतीला चिकटून राहतं आणि आकडा कमी येतो. या आजारात हा आकडा कमी येणं हीच आजाराची खूण असते, त्यामुळे धडधाकट माणूस कागदावर रुग्ण ठरतो. दोन केंद्रांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा हा फरक आजाराचा की ट्यूबचा, हे हुडकायला सांख्यिकी पक्की लागते. असा माणूस गटात नसेल तर वर्षभराचे नमुने फुकट जातात.

वेळेचा हिशेबही सांगतो. पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षं, पीएचडी साधारण पाच, त्यानंतर पोस्टडॉकची, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करण्याची, तीन-चार. स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत तिशी उलटते, आणि सगळ्यांना ती मिळतही नाही. हे ऐकून तुम्ही मागे हटलात तरी चालेल, पण निर्णय तिचा असावा.

पुढच्या तीन महिन्यांत तिला दोन कामं करू द्या. 'ओएसिस' या मुक्त संग्रहात निरोगी आणि स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांच्या मेंदूचे एमआरआय आहेत, रीतसर अर्ज करून ते मिळतात. त्यातल्या वयाच्या आणि मेंदूच्या आकारमानाच्या आकड्यांचा तक्ता घेऊन तिने स्वतः आलेख काढावा. वय वाढलं की निरोगी मेंदूही आकसतो, मग आजारामुळे आकसलेला भाग त्यातून वेगळा कसा काढायचा, यावर तिने डोकं चालवावं. दुसरं, लेकॅनेमॅबच्या चाचणीचा मूळ शोधनिबंध वाचावा. सारांश सोडून थेट तक्त्यांकडे जावं: कोणाला घेतलं, कोणाला वगळलं, किती जण मधेच सोडून गेले. पहिल्या वाचनात निम्मं कळणार नाही, ते चालेल.

आलेख तीनदा चुकूनही ती चौथ्यांदा बसली, तर जैवसांख्यिकी, संगणकीय मेंदूविज्ञान, प्रथिनांची रचना या दिशांचा गंभीरपणे विचार करू. आणि कंटाळली, तर तेही आत्ताच कळलेलं चांगलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला इतर दारं कमी नाहीत. परीक्षेचा तिसरा अर्ज तोवर भरू नका. भरायचाच असेल, तर तिने स्वतःहून मागितल्यावर.

पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नव्हतं. सोबत तो आलेख पाठवायला सांगा, चुकलेला असला तरी.