पुराचं नको, मंगळवारचं सांगा

‘तसं सगळं ठीक आहे, पण आयुष्यात सांगण्यासारखं काही घडतच नाही. असंच चालायचं का?’ मी समुपदेशक आहे; चाळिशी ओलांडलेल्यांकडून ही तक्रार मी वरचेवर ऐकते. पोटापाण्याचं नीट असतं, घरात कुणी आजारी नसतं, त्यामुळे तक्रार करायचीही लाज वाटते. एका केसबद्दल सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

सांगलीत औषधांचं दुकान चालवणारे गृहस्थ. दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं आणि तिथून बिनसलं. प्रत्येकानं उभं राहून आपण काय करतो ते सांगायचं होतं. कुणी अमेरिकेत, कुणाची पुण्यात कंपनी, कुणी बुलेटवरून लडाखला जाऊन आलेला. यांची पाळी आली तेव्हा ‘मेडिकल आहे’ एवढंच बोलून ते खाली बसले. तेव्हापासून सकाळी शटर वर करायला हात उठत नाही, म्हणाले.

पहिल्या भेटीत मी जगण्याच्या अर्थाबद्दल वगैरे बोलत नाही. झोप, भूक, थकवा, चिडचिड विचारते. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल किंवा आवडीच्या गोष्टीतलीही गोडी गेली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर रीतसर उपचार लागतात. कधी थायरॉइड निघतं, कधी बी१२ कमी असतं. अशा माणसाला ‘छोट्या गोष्टींत आनंद शोधा’ असं सांगणं म्हणजे दुखण्यावर डागणी. यांची झोप शाबूत होती, मटण चवीनं खात होते, मुलाच्या मॅचला हजर राहत होते. आजार नव्हता.

मग विचारलं, काहीतरी मोलाचं केलं असं कधी वाटलं? त्यांनी लगेच २०१९ चा पूर काढला. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानातलं इन्सुलिन बर्फ थेट लागू न देता थर्मासच्या डब्यांत भरून यांनी माडीवर नेलं होतं. इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. गोठलं की वाया. हे सांगताना गडी खुर्चीत पुढे सरकला. ‘तेवढंच एक बघा. बाकी सगळं नेहमीचंच की, मॅडम.’

म्हणजे यांच्या हिशोबी जगणं फक्त त्या पुराच्या दिवसांत झालं. मी म्हटलं, पुराचं राहू द्या, गेल्या मंगळवारचं सांगा.

‘मंगळवारी काय? दुकान उघडलं, बंद केलं.’

मी सोडलं नाही. पहिलं गिऱ्हाईक कोण? काय मागितलं? तुम्ही काय केलं? बरंच खोदल्यावर एक आजी निघाल्या. बीपी आणि शुगर दोन्ही, अक्षरओळख नाही. त्यांच्या सकाळच्या गोळ्यांच्या स्ट्रिपला हे कात्रीनं एक खाच मारून देतात, रात्रीच्या स्ट्रिपला दोन. आजी अंधारातही बोटानं चाचपून ओळखतात. ‘खाच बेतानं मारावी लागते, बॅच नंबर आणि एक्सपायरी जाता कामा नये.’ हे सांगताना त्यांची बोटं हवेत कात्री चालवत होती. आणि हे सगळं ‘काही नाही’ या सदरात!

१९७८ साली अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये लॉटरीची मोठी बक्षिसं लागलेल्या २२ जणांचा एक अभ्यास झाला. न्याहारी, मित्राशी गप्पा, विनोद ऐकणं अशा रोजच्या गोष्टींतून मिळणारं सुख त्यांनी इतरांपेक्षा कमी नोंदवलं. माणसं थोडी होती, त्यामुळे फार ताणू नये. पण मोठ्या घटनेशी तुलना सुरू झाली की साधा दिवस फिका पडतो, हे मी खोलीत रोज बघते. बक्षीस स्वतःलाच लागलेलं असावं असंही नाही. वर्गमित्राला लागलं तरी पुरतं.

त्यांना शाळेची शंभर पानी वही आणायला सांगितली. रात्री तीन ओळी. अट एकच : ‘छान’, ‘बरं वाटलं’ असलं काही लिहायचं नाही, फक्त दिसलेलं, ऐकलेलं, हुंगलेलं. कृतज्ञतेच्या डायऱ्या मी सहसा देत नाही. तीन चांगल्या गोष्टी सापडल्या नाहीत की माणूस वर आणि स्वतःलाच दोष देतो.

पहिल्या आठवड्याची वही म्हणजे दुकानाचा रोजमेळ. दुसऱ्या आठवड्यात एक ओळ आली : ‘बाबा पेपरात आधी निधनवार्ता वाचतात आणि वय मोठ्यानं म्हणतात. आपल्यापेक्षा लहान असेल तर चहा पुन्हा मागतात.’ मी मोठ्यानं हसले, तेही हसले. मग कवठेपिरानच्या रस्त्याला शिजत्या हळदीचा वास आला, माहितीचा कागद ज्याला नीट उलगडता येत नाही तो औषध कंपनीचा नवा प्रतिनिधी आला. एका रात्री वहीत फक्त ‘दमलो’ होतं. तेही चालतं.

हा उपाय सगळ्यांना नाही. ज्या घरात मारहाण आहे, जिथे पगार चार-चार महिने थकलाय, तिथल्या माणसाला चहाच्या वाफेतलं सौंदर्य बघ म्हणणं हा समुपदेशकाचा निर्लज्जपणा. तिथे आधी परिस्थिती बदलायला हात द्यायचा.

आणि यांचीही सगळी रुखरुख खोटी नव्हती. वहीत एकदा लिहिलं होतं, ‘लाईट गेले, इन्व्हर्टरचा पिवळा उजेड फक्त खालच्या रॅकवर.’ मेडिकलवाल्याला उजेड असा दिसत नाही. विचारल्यावर कळलं, कॉलेजात राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी नाटकांची प्रकाशयोजना हे करायचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीता स्वयंवर’ केलं त्या गावात राहून वीस वर्षं थिएटरात पाऊल नाही, कारण दुकान रात्री दहापर्यंत. इथे नजर बदलून भागणार नव्हतं, वेळापत्रकच बदलायला हवं होतं.

आता शनिवारी संध्याकाळी दुकानात डी.फार्म. झालेली एक मुलगी बसते आणि हे नाटकाच्या तालमीला जातात. बॅचच्या ग्रुपवर फोटो आले की अजून टोचतं; ग्रुप म्यूट केलाय, सोडलेला नाही. वही दोनेक महिन्यांनी बंद पडली, मी चालू ठेवायचा आग्रह धरला नाही. त्या मुलीच्या पगारावरून मात्र घरात वाद चालू आहे. पुढच्या वेळी बायकोलाही घेऊन या, म्हटलंय.