जूनच्या हिरवळीची तयारी एप्रिलात

प्रश्न : पुण्यात नवं रो-हाऊस घेतलं आहे. पुढे साधारण १,००० चौरस फूट मोकळी जागा आहे आणि अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत. नर्सरीवाला म्हणतो, कार्पेट, म्हणजे तयार गवताच्या गाद्या, आत्ताच टाकून देतो, त्या दिवशी हिरवंगार दिसेल. शेजारी म्हणतात, पाऊस पडू द्या. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर : शेजाऱ्यांचं, पण अर्धंच. पाऊस पडेपर्यंत नुसती वाट पाहत बसलात, तर जूनमध्ये लावलेली हिरवळ गणपतीपर्यंत लव्हाळ्याचं रान होईल.

नर्सरीवाला खोटं बोलत नाही. कार्पेट आठवडाभर हिरवं दिसेल, कारण ते स्वतःबरोबर आलेल्या इंचभर मातीवर जगत असतं. खालच्या जमिनीत मुळं उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात तेवढ्या काळात ती इंचभर माती दिवसातून दोनदा सुकते, गाद्या आक्रसतात आणि सांध्यांत फटी पडतात. मे महिन्यात पुण्याच्या उन्हात रोज सहा-सात मिलिमीटर पाणी उडून जातं. तुमच्या जागेत त्याचा हिशेब दिवसाला साडेपाचशे ते साडेसहाशे लिटर जातो. टँकर मागवून गवत जगवायचं असेल तर प्रश्नच मिटला. वास्तुशांतीला अंगण शेणाने सारवा, रांगोळी काढा, मांडव घाला. त्याहून शोभेचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी कुदळ घ्या. नव्या बांधकामाच्या अंगणात वरच्या फूटभर थरात सिमेंट, चुना, प्लास्टरचे तुकडे असतातच. ते राहिले की माती चुनखडीची होते, गवताला लोह घेता येत नाही आणि युरिया टाकूनही ते पिवळंच राहतं. म्हणून नऊ ते बारा इंच खणा, राडारोडा वेचून बाहेर काढा आणि ढेकळं उन्हात तापू द्या. लव्हाळ्याच्या गाठी हातानेच वेचाव्या लागतात. त्याला सोपा पर्याय नाही. वर आलेल्या गाठी उन्हाने सुकून मरतात, खोल राहिलेल्या मरत नाहीत. त्यासाठी मेच्या मध्यावर एकदा भरपूर पाणी द्या. दहा-बारा दिवसांत उरलेल्या गाठी कोंब काढतील, तेव्हा त्या गाठीसकट उकरा. नुसतं पान उपटलं तर गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते. हे काम गवत लावल्यावर करता येत नाही, म्हणून तर एप्रिल.

मेअखेर भर घाला. तीन इंचांचा थर द्यायचा तर तुमच्या जागेला अडीच ब्रास, म्हणजे अडीचशे घनफूट, लाल पोयटा लागेल. जमीन काळी असेल तर भर नुसती वर पसरू नका, खालच्या मातीत कालवा. दोन वेगळ्या मातींच्या सांध्यावर पाणी तुंबतं आणि मुळं तिथेच थांबतात. सोबत पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत साडेचारशे ते पाचशे किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट पाच किलो. मग घरापासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांना सव्वा इंच उतार द्या. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी यासाठी पुरते. पाणी सोडून माती दोनदा बसवा, खड्डे भरा, हलका रोलर फिरवा. ही पायरी बहुतेक माळी गाळतात. मग ऑगस्टमध्ये अंगणभर डबकी दिसतात.

आता लावणी. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. त्यानंतर पुण्यात पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांची उघडीप पडते. आर्द्रा लागल्यावर, म्हणजे साधारण २२ जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत, आभाळ ढगाळ आणि माती ओली असते. तेव्हा हरळीच्या जातीचं गवत, नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळतं तसं, मुळांसकट काड्या करून तीन-चार इंचांवर टोचा. काडीची दोन पेरं मातीत आणि शेंडा वर. दीड-दोन महिन्यांत जमीन झाकली जाते आणि खर्च कार्पेटच्या कितीतरी कमी येतो. कोरियन गवत मात्र फार सावकाश पसरतं. ते टोचण्यापेक्षा कार्पेटच घ्या. काढल्यापासून चोवीस तासांच्या आत ते अंथरा, कारण रचून ठेवलेल्या गाद्या आतून तापतात आणि पिवळ्या पडतात. सांधे विटांच्या बांधकामासारखे आडवेतिडवे ठेवा.

महिन्याने एक किलो युरिया, पानं कोरडी असताना, आणि लगेच पाणी. ओल्या पानांवर युरिया चिकटला की ठिपके जळतात. गवत दोन-अडीच इंच झालं की पहिली कापणी कात्रीने, वरचा तिसरा भागच. ओल्या मातीवर यंत्र फिरवलं तर चाकांच्या चाकोऱ्या वर्षभर दिसतात.

जुलै हुकला तर उत्तरा नक्षत्रापासून, म्हणजे १३ सप्टेंबरच्या सुमारापासून, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुसरी संधी असते. त्यात ऑक्टोबरच्या उन्हात रोज पाणी द्यावं लागेल. दिवाळीनंतर मात्र लावू नका.

प्रश्न : गेल्या जुलैत कार्पेट लॉन टाकलं. महिन्यात काळं पडून बुळबुळीत झालं. पाऊस असताना असं कसं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाऊस होता म्हणूनच. घाटावरची जुलैची रिमझिम वेगळी आणि कोकणातली झड वेगळी. आठवडाभर ऊन नाही आणि माती सतत पाण्याने भरलेली, त्यामुळे मुळांना हवा मिळत नाही. गवत थांबतं, शेवाळ वाढतं. तुमच्याकडे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, हाच काळ. थंडी सौम्य असल्याने नोव्हेंबरमध्येही गवत वाढत राहतं. जांभ्यावर मातीचा थर बहुधा पातळच असतो. तो निदान सहा इंच करा आणि कडेने पाणी वाहून जायला चर ठेवा. काळा पडलेला भाग पुन्हा धरणार नाही, तो खरवडून काढा.

प्रश्न : डिसेंबरमध्ये लावलेलं गवत तपकिरी झालं आहे, तसूभरही पसरलेलं नाही. मेलं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुतेक झोपलं आहे. ही गवतं उष्ण हवेतली. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली राहू लागलं की ती वाढ थांबवतात. जमिनीलगतची काडी नखाने खरवडा. आत पांढरट-हिरवी आणि कडक असेल तर जिवंत आहे. माती भुसभुशीत ओली ठेवा, चिखल नको. युरिया फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत अजिबात नको. आता दिलेलं खत तणच खाईल. जिथे काड्या खरोखर वाळल्या, तिथे नव्या टोचण्या जुलैत करा. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात ठिगळं लावणं म्हणजे पैसे वाळत घालणं.

प्रश्न : आंब्याखाली दरवर्षी लॉन लावतो, दरवर्षी विरळ होतं. कोणता महिना योग्य?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कोणताही नाही. हरळीच्या जातींना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. रुंद पानांचं बफेलो गवत अर्ध्या सावलीत टिकतं, दाट सावलीत तेही नाही. बुंध्याभोवती पालापाचोळा राहू द्या आणि हिरवळ सावलीच्या कडेला संपवा.

प्रश्न : ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत सतरंजीसारखं हातात उचलून येतं. पाणी कमी पडतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आहे. वळवाच्या पावसात भुंगेरे बाहेर पडून कडुनिंब-बाभळीवर जमतात, मातीत अंडी घालतात आणि पावसाळ्यात अळ्या मुळं कुरतडतात. म्हणून मुळं नसलेलं गवत पाणी देऊनही सुकतं. उचललेल्या भागाखाली चार-सहा इंच उकरा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी, तपकिरी डोकं, हीच ती. सापडतील तेवढ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. ओल्या मातीत मेटाऱ्हिझियम ही अळ्या मारणारी बुरशी पाकिटावरच्या प्रमाणात मिसळा. कोरड्या, तापलेल्या मातीत तिचा उपयोग होत नाही. पुढच्या वर्षी अर्धवट कुजलेलं शेणखत टाकू नका. बहुतेक अंगणांत ही अळी त्यातूनच शिरते.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत राहतो. तो येताना तिथल्या लॉनचं बियाणं आणतो म्हणतो. पेरू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नको म्हणून कळवा. तिकडची फेस्क्यू, ब्लूग्रास ही गवतं थंड हवेतली. त्यांची पेरणी तिथे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात करतात, म्हणजे पुढे गारवा मिळतो. नाशिकच्या थंडीत ती उगवतील, छान दिसतील आणि एप्रिलमध्ये जळून जातील. शिवाय परदेशी बियाणं आणायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बॅगेत टाकून आणलं तर विमानतळावरच अडकेल.