मित्र गेला आणि मी त्याची चूक शोधत बसलो

अपघातात सहकारी गेल्यावर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे वैमानिक सहसा रडत येत नाहीत. ते एक अवघडलेली शंका घेऊन येतात. बातमी कळली तेव्हा मला आधी दुःख का झालं नाही? त्याची बायको-मुलं आठवायच्या आधी हवामान, उंची, इंधन हेच डोक्यात का आलं? तो गेला आणि मी त्याचं कुठे चुकलं ते शोधत बसलो, मग माझ्यात माणुसकी उरली आहे की नाही?

हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. म्हणून एका वैमानिकाची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे नुसतं कॅप्टन म्हणते.

कॅप्टन डोंगराळ भागात हेलिकॉप्टर उडवतात, नव्या मुलांना शिकवतातही. त्याच मार्गावर उडणारा त्यांचा जुना मित्र एका दुपारी ढगांनी भरलेल्या दरीत कोसळला. प्रवाशांसह कुणीच वाचलं नाही.

त्या संध्याकाळी वैमानिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर अपघातानंतर होतं तेच झालं. आधी जोडलेले हात, 'विश्वास बसत नाही'. मग कुणी ढगांचं उपग्रहचित्र टाकलं, कुणी ट्रॅकिंगचा नकाशा, शेवटची उंची, शेवटचा वेग. मग 'अशा हवेत गेलाच कशाला?' हा प्रश्न. रात्री कॅप्टननी एक लांबलचक मेसेज लिहिला. मित्राने कुठून मागे फिरायला हवं होतं, कुठे उतरून थांबता आलं असतं, सगळं क्रमवार. शेवटचं वाक्य होतं, 'पोहोचायची घाई नडली.' भराभर अंगठे आले. कुणीतरी तो मेसेज पुढे पाठवला आणि फिरत फिरत तो दुसऱ्या दिवशी मित्राच्या पत्नीच्या फोनवर गेला. तिने कॅप्टनना एवढंच विचारलं, "भाऊजी, हे तुम्ही लिहिलंय?"

ते माझ्याकडे आले तेव्हा या गोष्टीला काही आठवडे झाले होते. झोप उडाली होती. दरम्यान कंपनीने सगळ्यांना एका सभागृहात बसवून प्रत्येकाला 'मन मोकळं' करायला लावलं होतं. तिथे कॅप्टन 'मी ठीक आहे' म्हणून मोकळे झाले. असं सक्तीने, एकदाच आणि लगेच बोलायला लावल्याने फायदा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतही ही पद्धत नाकारली आहे. जवळ बसावं, जेवलास का विचारावं, घरी सोडावं आणि ज्याला बोलायचंय त्याचं ऐकावं. पहिल्या दिवसांत एवढं पुरतं.

पहिल्या भेटीत त्यांनी मला, मी न विचारताच, सगळा अपघात समजावून सांगितला. बोलताना त्यांचा डावा हात खुर्चीच्या बाजूला खाली होता, मूठ वळलेली. 'इथे उजवीकडे दरी रुंद होती,' म्हणताना उजवा हात गुडघ्यांमध्ये अगदी बोटभर सरकला. 'इथे वेग उतरवायला हवा होता,' म्हणताना डावी मूठ खाली दाबली गेली. टाचा जमिनीवर, चवडे आळीपाळीने दाबले जात होते. हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हाताशी कलेक्टिव्ह असतो, म्हणजे यंत्र वर-खाली नेणारा दांडा, उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे ते पुढे-मागे आणि बाजूला झुकवणारा दांडा, आणि पायाशी नाक वळवणारी पेडल. माझ्यासमोर बसून ते मित्राचं हेलिकॉप्टर उडवत होते आणि त्याला सुखरूप बाहेर काढत होते. मी त्यांना हे जसं दिसलं तसं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "रोज रात्री करतो हे," म्हणाले.

आता मूळ शंकेकडे येते. मित्राची चूक शोधणं निर्दयपणा आहे का? नाही. वैमानिकाचं मन वर्षानुवर्षं एका गोष्टीसाठी घडवलेलं असतं: आधी यंत्र सांभाळ, बाकी नंतर. इंजिन बंद पडलं की वरचा पंखा फिरता राहावा म्हणून कलेक्टिव्ह ताबडतोब खाली घ्यायचा. काही हलक्या हेलिकॉप्टरांत त्यासाठी जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो. असं घडलेलं मन धक्का बसला की आधी तपासाला लागतं. रडू मागून येतं, कधी कधी कित्येक आठवड्यांनी, भलत्याच वेळी.

पण या शोधात भीतीही असते, आणि ती ओळखावी लागते. त्याने चूक केली म्हणून तो गेला. मी ती चूक करत नाही. म्हणजे मला काही होणार नाही. उद्या त्याच यंत्रात, त्याच दरीत जायचं असतं तेव्हा या हिशेबाचा फार आधार वाटतो. जग न्यायाने चालतं हा विश्वास टिकवण्यासाठी माणसं संकटात सापडलेल्यालाच बोल लावतात, हे मेल्व्हिन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं. बारूख फिशहॉफ यांचे १९७५ चे प्रयोग याला जोडून पाहावेत: निकाल कळला की तो आधीपासून दिसतच होता असं आपल्याला प्रामाणिकपणे वाटायला लागतं. ग्रुपवर नकाशा उघडून बसलेल्या प्रत्येकाला दरीचा शेवट माहीत होता. आत उडणाऱ्याला तो माहीत नव्हता.

मला या हिशेबाची काळजी वाटते ती सुरक्षिततेच्या दृष्टीनेही. 'मी असं कधीच केलं नसतं' म्हटलं की त्या अपघाताकडून शिकायचं काही उरत नाही.

कॅप्टनना हे पटत होतं, तरी झोप येत नव्हती. म्हणजे अजून काहीतरी होतं. एका भेटीत मी तो मेसेज त्यांच्याकडूनच वाचून घेतला आणि म्हटलं, "यात दुपारचं सगळं आहे, सकाळचं काहीच नाही. त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?"

बराच वेळ गेला. "त्याच मार्गावर," ते म्हणाले. "पहिली फेरी माझी होती. तो निघायच्या आधी त्याचा फोन आला होता मॅडम. दरी कशी आहे म्हणाला. मी म्हटलं, उघडी आहे, आरामात जाशील."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी नाही, ग्रुपवर नाही, तपास अधिकाऱ्यांनाही नाही. त्यानंतर मेसेजमधला प्रत्येक मुद्दा वेगळा दिसायला लागला. त्याने मागे फिरायला हवं होतं, याचा अर्थ माझ्या शब्दावर पुढे जायला नको होतं. सगळा दोष त्याच्या पदरात पडला तर तो फोन पुसला जाणार होता.

'तुमचा काही दोष नाही' असं मी म्हटलं नाही. मला ते ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ते क्षणभरही मानलं नसतं. मी विचारलं, सकाळी दरी खरंच उघडी होती का? होती. मग त्या वेळी दिलेली माहिती खरी होती. डोंगरातल्या हवेची माहिती तास-दोन तासांत शिळी होते, हे दोघांनाही माहीत होतं. फोनवर सांगितलेलं खरं असू शकतं, ऐकणाऱ्याचा निर्णयही त्या क्षणी समजण्यासारखा असू शकतो, आणि तरी माणूस जाऊ शकतो. हे स्वीकारणं दोष वाटण्यापेक्षा कितीतरी जड आहे, कारण यात पकडायला कुणीच सापडत नाही.

त्यांना कागदावरचं लागतं, म्हणून आम्ही झालेल्या अपघातांचे निष्कर्ष घेऊन बसलो. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हवाई दलाचं एमआय-१७ व्ही५ कोसळलं. जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदाही जण गेले, शेवटचे अधिकारी आठवड्याने रुग्णालयात. जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष आले: दरीतलं हवामान अनपेक्षितपणे बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशाभ्रम झाला. यांत्रिक बिघाड, घातपात आणि हलगर्जी या तिन्ही शक्यता नाकारल्या होत्या. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात याच अपघाताचं कारण 'मानवी चूक' असं नोंदलं गेलं. कॅप्टनना ही विसंगती वाटली. मला ती वाटत नाही. ढगात क्षितिज नाहीसं झालं की आतल्या कानातला तोल सांभाळणारा द्राव खोटी साक्ष देऊ लागतो; यंत्र कलत असतं आणि शरीर म्हणतं आपण सरळ आहोत. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना ढगात शिरल्यासारख्या परिस्थितीत उडवलं, तेव्हा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीही विमानं होती. हेलिकॉप्टर त्याहून अस्थिर. प्रशिक्षित माणसालाही ढग अचानक गाठतो तेव्हा हे शरीर बदलत नाही. चूक झाली असेल, पण तेवढ्यावरून माणूस बेपर्वा ठरत नाही.

दुसरा अपघात इंग्लंडमधला. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी लेस्टरच्या फुटबॉल मैदानातून उडालेलं एडब्ल्यू-१६९ हेलिकॉप्टर काही क्षणांत गरगरत खाली आलं, पाचही जण गेले. अंतिम अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. शेपटीच्या पंख्याचं एक बेअरिंग निकामी झालं होतं. वैमानिकाने जे केलं ते योग्यच होतं, पण यंत्र सावरणं त्याच्या हातात राहिलेलं नव्हतं. हे ठरायला जवळपास पाच वर्षं लागली. कॅप्टनचा मेसेज लिहायला काही तास लागले होते. ही तारखांची तुलना त्यांनी स्वतःच केली.

मग तपासाचा विषय निघाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ प्रमाणे तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा असतो. दोष ठरवणं हा नसतो. कॅप्टन हे विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. तरी स्वतःची वेळ आल्यावर ते गप्प बसले, आणि मला ते अगदी माणसासारखं वाटतं. वैमानिक संघटनेतल्या एका जाणत्या सहकाऱ्याशी बोलून ते तपास अधिकाऱ्यांकडे गेले. फोनची वेळ, काय विचारलं, काय सांगितलं, सगळं लिहून दिलं. अधिकाऱ्यांनी ते शांतपणे नोंदवून घेतलं, कारण मृत वैमानिकाकडे हवामानाची कोणती माहिती होती, हेच तर ते शोधत होते.

वहिनींकडे जाणं याहून कठीण होतं. मेसेज खोडून टाकण्यात अर्थ नव्हता, तो केव्हाच फिरला होता. 'मी घाबरलो होतो म्हणून लिहिलं' हे खरं असलं तरी तिथून सुरुवात करू नका, एवढं मी सुचवलं. ते ऐकणाऱ्याला त्यांचीच समजूत काढावी लागते. ते गेले, मेसेज आपणच लिहिला आणि लिहायला नको होता असं सांगितलं, सकाळच्या फोनबद्दलही सांगितलं. वहिनींनी माफ केलं का, हे मला माहीत नाही. त्यांनी त्या सकाळच्या बोलण्यातला शब्द न् शब्द विचारला आणि मुलाला आठवड्यातून दोनदा क्लासला सोडायची कॅप्टनची तयारी मान्य केली. ग्रुपवर कॅप्टननी लिहिलं की अहवाल येण्याआधी आपण निष्कर्ष मांडला ते चुकीचं होतं, आणि तो मेसेज पुढे पाठवणं थांबवावं. या वेळी अंगठे थोडेच आले, पण दोघातिघांनी वेगळे फोन केले.

या काळात ते उडत होते का? सुरुवातीला होते. उड्डाणाआधी स्वतःला तपासायची जी यादी वैमानिक पाठ करतात तिच्यात आजार, औषधं, दारू, थकवा यांच्या जोडीला ताणही असतो. तीन तास झोपून ते त्या यादीवर मनातल्या मनात 'ठीक' अशी खूण करत होते. परवाना जाईल या भीतीने असंख्य वैमानिक हेच करतात. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचं विमान सहवैमानिकाने मुद्दाम आल्प्समध्ये नेऊन पाडलं, १५० जण गेले. आपला मानसिक आजार त्याने कंपनीपासून लपवला होता. त्यानंतरच्या बदलांतून युरोपात फेब्रुवारी २०२१ पासून विमान कंपन्यांना वैमानिकांसाठी सहकाऱ्यांच्या आधाराची गोपनीय सोय ठेवणं बंधनकारक झालं. पण शोक हा आजार नव्हे, आणि झोप होईपर्यंत न उडणं हा चांगल्या वैमानिकाचाच निर्णय आहे. कॅप्टननी तो घेतला. महिना उलटूनही तीच दृश्यं पुन्हा पुन्हा समोर येत असतील, दचकणं थांबत नसेल, झोपेसाठी दारू लागत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे. कॅप्टनची झोप तपास अधिकाऱ्यांना भेटल्यानंतर हळूहळू परतली.

पहिली काही उड्डाणं त्यांनी दुसऱ्या वैमानिकाला सोबत घेऊन केली. त्या दरीच्या तोंडाशी तळहात अजून घामेजतात, आणि ते सोबत्याला तसं सांगतात. हवामान विचारायला कुणाचा फोन आला की आता पहिल्यांदा वेळ सांगतात: सात वाजून दहा मिनिटांनी उघडी होती, आत्ताचं मला माहीत नाही.

अहवाल अजून आलेला नाही. तो येईल त्या आठवड्यात उडायचं नाही आणि तो एकट्याने वाचायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. त्यात बहुधा त्या फोनचाही उल्लेख असेल. वहिनींनी सांगितलंय की तो त्यांना कॅप्टनबरोबर बसून वाचायचाय.