मुलुंडमधून घरगुती फराळ विकतो, मार्केटिंगला महिना 5,000 रुपये आहेत. इन्स्टाग्राम जाहिरात, बल्क एसएमएस की पोस्ट शेड्युल करणारं ॲप?

शेड्युलिंगचं ॲप नको. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिच्या बिझनेस सूट या ॲपमध्ये ती सोय फुकट आहे. बल्क एसएमएसला डीएलटी (धंद्याच्या एसएमएससाठीची सक्तीची) नोंदणी, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, टेम्प्लेट म्हणजे मजकुराचा नमुना यांची मंजुरी, एवढी उस्तवार लागते. तुमच्या आकाराच्या धंद्याला ती झेपणार नाही.

जाहिरातीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण मुंबईत छोट्या धंद्यांचे पैसे इथेच बुडतात आणि एजन्सीवाले त्याला ‘रीच’ (किती जणांना जाहिरात दिसली) म्हणून मिरवतात. जाहिरात कुठे दिसावी हे ठरवताना नकाशात मुलुंडवर पिन टाकून 16 किलोमीटरचं वर्तुळ काढलं की त्यात बोरिवली, कांदिवलीसुद्धा येतात. मध्ये अख्खं नॅशनल पार्क. लोकलने जायचं तर दादरला गाडी बदला. बोरिवलीहून अर्धा किलो चकलीची ऑर्डर आली तर पोचवायचा खर्च चकलीपेक्षा जास्त होईल, आणि नाही म्हणालात तरी त्या क्लिकचे पैसे गेलेच. त्यामुळे दोन-तीन किलोमीटरची वेगळी वर्तुळं घ्या: मुलुंड पश्चिम, मुलुंड पूर्व, भांडुप. पिन स्टेशनवर ठेवू नका, सोसायट्यांच्या बाजूला सरकवा. मेटा तिथे राहणाऱ्यांबरोबर नुकतेच येऊन गेलेल्यांनाही जाहिरात दाखवतो, आणि स्टेशनातून डोंबिवली-कल्याणचेही लोक रोज जातात.

पोस्टखालचं ‘बूस्ट पोस्ट’चं बटण विसरा. ॲड्स मॅनेजर या मेटाच्या जाहिरातींच्या साधनातून व्हॉट्सॲप मेसेज मिळवणारी जाहिरात करा. आगाऊ 5,000 भरले की 18 टक्के जीएसटी वजा जाऊन हातात साधारण 4,237 उरतात. ते महिनाभर पसरले तर दिवसाला जेमतेम 140 रुपये पडतात. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतात त्या दहा दिवसांतच वापरा.

पण जाहिरातीआधी व्हॉट्सॲप बिझनेस नीट लावा. ब्रॉडकास्टच्या (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या) एका यादीत 256 जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: यादी मोठी, पण मेसेज पोचतच नाही. म्हणून डबा हातात देतानाच नंबर सेव्ह करायला सांगा, झाकणावरही छापा. ॲपमध्ये ग्राहकांना सोसायटीनुसार लेबल लावा. एकगठ्ठा मेसेज पाठवणारी बाहेरची सॉफ्टवेअरं अजिबात नकोत, नंबर कायमचा बंद होऊ शकतो.

पत्रकं वाटणार असाल तर पत्रकाचा, झाकणाचा आणि जाहिरातीचा चॅट दुवा (उघडला की व्हॉट्सॲपवर तुमच्याशी चॅट सुरू करणारी लिंक) वेगळा ठेवा. प्रत्येकात आधीच भरलेला मजकूर निराळा, म्हणजे ऑर्डर कुठून आली ते पहिल्याच मेसेजात कळतं. क्यूआर मात्र साधा, स्थिर घ्या. ‘डायनॅमिक’, म्हणजे आतला दुवा नंतर बदलता येणारे, क्यूआर ट्रायल संपली की बंद पडू शकतात आणि छापलेली हजार पत्रकं रद्दीत जातात.

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग टाका.

फॉलोअर वाढवून देणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. हजार अनोळखी फॉलोअरपेक्षा दर सणाला पुन्हा मागवणारी मुलुंडातली चाळीस घरं बरी, हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन.

हे सगळं हातपोच मालाचं झालं. चिवडा, शंकरपाळे कुरिअरने पुण्या-नाशकाला पाठवणार असाल तर वर्तुळाचा हिशोब लागू नाही. तेव्हा पॅकिंग आणि कुरिअरचा दर आधी काढा, मगच जाहिरातीत शहरं वाढवा.