आरोपपत्राला उत्तर देण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे कंपनीचे आरोपपत्र लक्षपूर्वक वाचले. ‘नोकरी गेलीच तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) बेरोजगारी भत्ता आहेच’ असे तू लिहिले आहेस. तो भरवसा आधी मनातून काढून टाक. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०१८ पासून सुरू केलेल्या आणि पुढे वेळोवेळी मुदतवाढ मिळालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी दैनिक कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत मिळते. पण गैरवर्तनाची शिक्षा म्हणून ज्याची नोकरी गेली, त्याला ती मिळत नाही. तुझी सरासरी दिवसाला ६०० रुपये धरली, तर हा प्रश्न २७ हजार रुपयांचा आहे, आणि घरभाडे भरणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

तुझ्यावरचा आरोप बारा दिवसांच्या विनापरवानगी गैरहजेरीचा आहे. ‘मी काही चोरी केली नाही’ हे तुझे म्हणणे खरे असले, तरी आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांत, दहा दिवसांहून अधिक विनापरवानगी गैरहजेरी हेही गैरवर्तनच मानले आहे. म्हणून रागाने नव्हे, तर कागदांनी उत्तर दे: आईला रुग्णालयात दाखल केल्याची तारीख, तिचे डिस्चार्ज कार्ड, सुपरवायझरला पाठवलेले संदेश आणि त्याने त्यांना दिलेले उत्तर, हे सगळे क्रमाने जोड. आरोपपत्राला उत्तरच न देणे आणि चौकशीला न जाणे, हे मला मूळ गैरहजेरीपेक्षा अधिक घातक वाटते, कारण मग चौकशी एकतर्फी होते आणि अहवालात केवळ व्यवस्थापनाची बाजू उरते. चौकशीत साक्षीदारांना प्रश्न विचार, सोबत सहकारी प्रतिनिधी मिळावा अशी लेखी मागणी कर, आणि प्रत्येक दिवसाच्या कामकाजाची प्रत घेतल्याशिवाय उठू नकोस. निलंबित केले, तर पहिले ९० दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता माग. तो तुझा हक्क आहे.

‘राजीनामा दे, आरोपपत्र मागे घेतो’ असे एचआरने सुचवले आहे, त्याची मला अधिक काळजी वाटते. स्वतःहून नोकरी सोडल्याची नोंद झाली, तर बेरोजगारी भत्त्याचा दावा तिथेही अडचणीत येऊ शकतो, म्हणून तोंडी आश्वासनावर सही करू नकोस. तुझी पाच वर्षे पूर्ण झालेली नसल्याने ग्रॅच्युइटीच्या विषयात शिरत नाही. भविष्य निर्वाह निधीत जमलेली तुझी रक्कम मात्र बडतर्फीनेही जात नाही.

बडतर्फीचा आदेश आलाच, तर तो अंतिम मानू नकोस. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात वाद उपस्थित करता येतो, आणि शिक्षा आरोपाच्या मानाने फार जड वाटल्यास न्यायाधिकरण ती कमी करू शकते. तूर्त उत्तराची मुदत पाहा, आणि मसुदा सही करण्यापूर्वी मला पाठव.

तुझा,
काका