दुकानात ग्राहक कमी गुण देतात म्हणून बहीण खचली आहे; तिला काय सांगू?

तुमची बहीण बांद्याहून रोज म्हापशाला शोरूममध्ये येते, महिनाअखेरीला ग्राहकांचे गुण सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, या वेळी तिच्या नावापुढे 30 आले आणि तेव्हापासून ती धड जेवतही नाही, असं तुम्ही लिहिलंय. मीही म्हापशातच कपड्यांच्या दुकानात फ्लोअर सांभाळते. सगळ्यात आधी तिला हे सांगा की ते 30 म्हणजे शंभरपैकी तीस नव्हेत. ती नापास झालेली नाही.

बिल झालं की ग्राहकाच्या मोबाईलवर मेसेज जातो, 'आमचं दुकान मित्रांना सुचवाल का? 0 ते 10 गुण द्या.' यात 9 आणि 10 देणारे जमेला, 0 ते 6 देणारे वजा. 7 आणि 8 देणारे एकूण संख्येत मोजतात, पण ना जमेला ना वजाला. जमेच्या टक्क्यांतून वजाचे टक्के काढले की उरेल तो आकडा. म्हणजे तो उणे 100 पासून 100 पर्यंत कुठेही असू शकतो. समजा दहा जणांनी उत्तर दिलं. पाच जणांनी 10, तिघांनी 8, दोघांनी 6. सरासरी 8.6 आली, सहाच्या खाली कुणीच गेलं नाही, तरी पत्रकावर 30 च दिसणार. त्या दोघांपैकी एकाने जरी 10 दिले असते तर थेट 50. इतक्या थोड्या उत्तरांवर एका माणसाच्या मूडने आकडा वीसने हलतो. म्हणून बहिणीला पहिला प्रश्न हा विचारायला सांगा: या महिन्यात माझ्या नावावर एकूण उत्तरं किती आली?

त्यात आपल्याकडच्या माणसाच्या मनातले 8 वेगळेच असतात. दहावीला 80 टक्के पडले तर आपण पेढे वाटतो! गणेश चवथीच्या आधीच्या गर्दीत डिचोलीच्या एक काकी नऊवारी बघायला आल्या होत्या. आमच्या दुकानातल्या मुलीने माळ्यावरून गठ्ठे काढले, एकेक काठ उलगडून दाखवला, घडी मोडली तरी तोंड वाकडं केलं नाही. काकींनी तिच्या गालावरून हात फिरवला, 'देव बरें करूं गो बाय' म्हणाल्या आणि मुलाच्या मोबाईलवरून मनापासून 8 दिले. त्या 8 ने तिच्या जमेला काहीही पडलं नाही. मला याचा अजूनही राग येतो.

ही गुणांची पद्धत अमेरिकेतले व्यवसाय सल्लागार फ्रेड रायखेल्ड यांनी 2003 साली मांडली, ती कंपनीवर ग्राहकांची निष्ठा किती आहे हे बघण्यासाठी. काउंटरवरच्या मुलीचं प्रगतिपुस्तक म्हणून नव्हे. 2021 मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की हे गुण कर्मचाऱ्यांच्या बोनसला जोडले गेले आणि लोक सेवा सुधारायची सोडून आकड्यामागे लागले. आमच्याकडे तेच दिसतं. 'सर, प्लीज नऊ किंवा दहाच द्या हां,' असं प्रत्येक बिलामागे म्हणावं लागतं. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असताना असं मागणं किती लाजिरवाणं वाटतं, ते ज्याने मागितलंय त्यालाच कळतं.

बरं, कमी गुण पडतात ते कशाने? बहुतेक वेळा मुलीच्या हातात नसलेल्या गोष्टींनी. डिसेंबरमध्ये पर्यटकांची रांग दारापर्यंत जाते आणि बिलिंगला दोनच माणसं. हवी ती साईज नाही. स्कीम कालच संपली. एकदा एक गृहस्थ सँडल बदलायला घेऊन आले. पट्ट्याच्या शिवणीत किनाऱ्यावरची वाळू अडकलेली, बिलही नव्हतं. मुलीने नियम सांगितला, आवाजही चढवला नाही. शेरा आला, 'स्टाफ उद्धट आहे.' गुण दुकानाच्या नियमाला पडले, पण लागले तिच्या नावाला. आणि असा शेरा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणं हे तर निव्वळ अपमान करणं आहे. सुधारायचं असेल तर बाजूला बोलावून सांगता येतं.

आता करायचं काय? तिला एक छोटी वही ठेवायला सांगा. कुणी कुरकुर केली की तारीख, बिल नंबर आणि कारण एका ओळीत लिहायचं: रांग, साईज, बदलून न देणं, ट्रायल रूम बंद. महिनाभराची वही मॅनेजरपुढे एकट्याने ठेवायची, जमलं तर दोघी-तिघींनी मिळून. 'मला वाईट वाटतं' यापेक्षा 'यातल्या इतक्या तक्रारी बिलिंगच्या आहेत' हे मॅनेजरला वर कळवता येतं, आणि बऱ्याचदा त्याच्या मानेवरही वरच्यांचा तोच आकडा बसलेला असतो. घरच्यांच्या मोबाईलवरून खोटे गुण भरायला कुणी सांगितलं तर तिने ते करू नये. पकडली गेली तर सांगणारा हात वर करतो.

गुण कमी म्हणून पगार कापला तर मात्र गप्प बसू नका. इन्सेन्टिव्ह न मिळणं वेगळं, ते स्कीमच्या अटींवर असतं. पण पगारातून दंड कापायचा तर कशाबद्दल कापणार हे आधीच मंजूर करून कळवलेलं लागतं, बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि दंड त्या वेळच्या वेतनाच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. हे 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होतं, 2019 च्या वेतन संहितेतही आहे. दर महिन्याच्या पगारपत्रकाचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये राहू द्या. कामगार आयुक्तांचं कार्यालय पणजीला पाटोवर आहे, तिथे तोच कागद आधी मागतात.