ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेवर संशोधन करू पाहणाऱ्यास पत्र

ठाणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या अभ्यासाचा आराखडा काळजीपूर्वक वाचला. आरोग्यसेवा घेताना ज्येष्ठांना येणाऱ्या अडचणी हा विषय तुम्ही निवडलात याचे समाधान वाटले, कारण हुशार मुलांना हा विषय अजूनही दुय्यम वाटतो. मात्र सहभागी निवडण्यासाठी तुम्ही रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग आणि नवी मुंबईतील विरंगुळा केंद्रे ही दोनच ठिकाणे धरली आहेत आणि माझे बहुतेक म्हणणे त्याबद्दलच आहे.

विरंगुळा केंद्रात वर्तमानपत्र वाचायला आणि कॅरम खेळायला जो येतो, त्याचे पाय चालतात आणि त्याला घरातून निघण्याची मोकळीक असते. ओपीडीत जो पोहोचतो, त्याला रिक्षा परवडते किंवा त्याच्यासाठी कोणीतरी अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली असते. या दोघांना अडचणी विचारल्या, तर ज्यांनी त्या कशाबशा ओलांडल्या त्यांचीच उत्तरे हाती येतील. खुब्याचे हाड मोडल्यापासून नौपाड्यातील लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला न उतरलेल्या आजी किंवा पारसिकच्या उतारावरील वस्तीत राहणारे, पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या झाल्या की औषध संपले तरी घरातच थांबणारे आजोबा तुमच्या एकाही तक्त्यात दिसणार नाहीत. सेवेच्या अभ्यासात सेवेपर्यंत न पोहोचलेला माणूसच गळावा, यासारखी दुसरी उणीव नाही.

अशी माणसे शोधायची कशी, हे कोणत्याही अभ्यासक्रमात पुरेसे शिकवले जात नाही. मतदार यादीत वय मिळते म्हणून अनेक जण तीच पाया म्हणून घेतात. पण घोडबंदर रस्त्यावरील संकुलांत मुलाकडे राहायला आलेल्या कितीतरी आईवडिलांचे नाव अजून गावच्या यादीत असते, आणि पुनर्विकासात गेलेल्या इमारतीतील भाडेकरूंचा यादीतील पत्ता आता अस्तित्वातच नसतो. कोपरखैरणे, घणसोली भागातील माथाडी कुटुंबांत निवृत्त वडील वर्षातील काही महिने साताऱ्याकडे आणि उपचारापुरते इथे, असेही आढळते. म्हणून मतदार यादी घ्या, पण निवडलेल्या वस्त्यांत आशाताईंबरोबर घरोघरी जाऊन आपली स्वतंत्र यादी करा आणि दोन्ही ताडून पाहा. या कामाला वेळ लागतो. मार्गदर्शक घाई करू लागले, तर त्यांना हे पत्र दाखवायला माझी हरकत नाही.

घरी गेल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. तुम्ही आजींना विचारता आणि उत्तर सून देते किंवा मुलगा देतो. कोणते उत्तर कोणी दिले याची नोंद प्रत्येक प्रश्नापुढे करा, कारण विश्लेषणाच्या वेळी ती नोंद सोन्याच्या मोलाची ठरते. दैनंदिन कामांतील स्वावलंबन मोजण्यासाठी तुम्ही कॅट्झ यांची १९६३ची सूची घेतली आहे. अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवण या सहा गोष्टी त्यात आहेत. ‘अंघोळ स्वतः करता का?’ यावर आजी ‘हो’ म्हणतील आणि तुम्ही खूण कराल. प्रत्यक्षात गरम पाण्याची बादली सून मोरीत नेऊन ठेवते, पाट मांडते, आणि पाठीला साबणही तीच लावते. सून आठवडाभर माहेरी गेली, की अंघोळ दोन दिवसांआड होते. म्हणून पाणी कोण काढते, उठायला हात कोण देतो, असे उपप्रश्न आधी काही घरांत वापरून पाहा आणि मगच प्रश्नावली पक्की करा.

औषधांबद्दल तोंडी विचारू नका; पिशवी मागा. प्रत्येक घरात ती असते, बहुधा फ्रिजवर ठेवलेली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळ्या पट्ट्या त्यावर मांडल्या, की दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी दिलेली रक्तदाबाची एकच गोळी दोन्ही वेळा घेतली जात असल्याचेही कधी दिसते. आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण २०२४च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे आणि त्यापुढील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता खुले झाले. पण ते रुग्णालयात दाखल होण्यापुरते आहे, आणि या पिशवीचा दरमहाचा खर्च त्यात बसत नाही. तुमच्या खर्चाच्या प्रश्नांत हा भेद आज कोठेच नाही.

प्रशिक्षणाविषयी थोडक्यात लिहितो. पहिल्या वर्षी स्वतःची माहिती गोळा होईपर्यंत हात बांधून बसू नका. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये ४५ वर्षे व त्यापुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची जी पाहणी केली, तिची माहिती संशोधकांना अर्ज केल्यावर मिळते. तीवर एक छोटा प्रश्न घेऊन विश्लेषण शिका. संख्याशास्त्रज्ञाला अभ्यासाच्या शेवटी नव्हे, आराखड्याच्या वेळी गाठा. एकच मार्गदर्शक पुरणार नाही: एक वृद्धांवर उपचार करणारा डॉक्टर हवा आणि एक समाजकार्यातील व्यक्तीही हवी, आणि त्या दोघांचे एकमेकांशी न पटले तरी बिघडत नाही.

संमतिपत्राचा अंगठा हा केवळ सोपस्कार समजू नका. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार असावा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ज्या मुलावर आजी पूर्णपणे अवलंबून आहेत, तोच साक्षीदार झाला तर तो निःपक्ष कसा म्हणायचा? शेजारच्या काकूंना बोलवा. स्मरणशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींबाबत काय करणार, हेही स्वतंत्र परिच्छेदात लिहा. नीतिमत्ता समिती ते विचारल्याशिवाय राहणार नाही.

समितीकडे अर्ज जाण्यापूर्वी सहभागींच्या निवडीचे पान नव्याने लिहून मला पाठवा. बाकीचा आराखडा मागाहून आला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.